कलाटणीला प्रतिसाद कसा द्यावा: हजारो पानांचं वेबकॉमिक गटाने वाचताना

प्रश्न देवगडकडच्या एका वाचनगटाचा आहे. सहा जण मिळून इंग्रजीतलं एक लांबलचक, गुंतागुंतीचं वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर पान-पान करून प्रसिद्ध होणारी चित्रकथा, वाचतायत. कथेत कलाटणी आली की व्हॉट्सॲपच्या गटात 'बापरे', 'हे काय झालं', रडके चेहरे एवढंच पडतं. दोघे पुढे पळालेत, एकीला मोठं रहस्य कुठूनतरी आधीच कळलंय, आणि दोन आठवडे खंड पडला की कोण कोणाचा कोण हेच आठवत नाही. प्रतिसाद नीट कसा द्यावा, नोंदी कशा ठेवाव्यात, असं त्यांनी विचारलंय.

मुख्य गोष्ट आधी सांगायची तर, कलाटणीवरचा प्रतिसाद कलाटणीच्या आधी लिहायला घ्यावा लागतो. धक्का बसतो तो आपण मनात काहीतरी धरून बसलेलो असतो म्हणून. ते काय धरलं होतं हे कागदावर नसेल तर धक्क्यानंतर लिहायला हातात फक्त 'बापरे' उरतं, कारण आधीचं मत मन लगेच पुसून टाकतं. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर गेले. त्याआधी बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांकडून दौऱ्यात काय काय घडेल याच्या शक्यता लिहून घेतल्या. दौरे झाल्यावर त्यांना विचारलं, की तेव्हा तुम्ही काय लिहिलं होतं ते आठवून सांगा. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती असं अनेकांना 'आठवलं'. हा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचनगटात 'मला वाटलंच होतं' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं आठवत असतं. म्हणून लेखी नोंद हवी.

वही साधी घ्या, दोनशे पानी. डावं पान आधीसाठी, उजवं नंतरसाठी. प्रत्येक बैठकीला डाव्या पानावर तीनच ओळी. पहिली: या घडीला कोणत्या पात्राला काय माहीत आहे. दुसरी: मी काय धरून चाललोय, म्हणजे कथेत कुणी स्पष्ट सांगितलेलं नाही पण मी खरं मानलंय ते. तिसरी: काय खुपतंय, पान क्रमांकासकट. दुसरी ओळ सगळ्यात अवघड जाते, कारण आपण काय गृहीत धरलंय ते आपल्याला दिसतच नाही. ती काढायची युक्ती अशी की कथेतलं एखादं नातं घ्यायचं आणि स्वतःला विचारायचं, 'हे मला कोणी सांगितलं?' उत्तर 'त्या पात्राने सांगितलं' असेल तर पात्राचं नाव लिहा. उत्तर 'असंच वाटलं' असेल तर ते तुमचं गृहीतक.

ही वही म्हणजे कथेचा सारांश होऊ देऊ नका. बहुतेक नोंदवह्या पंधरा दिवसांत बंद पडतात त्या याच कारणाने. पानापानाचा वृत्तांत लिहिणं कंटाळवाणं होतं, आणि तो वृत्तांत कलाटणीच्या वेळी कामालाही येत नाही. तीन ओळी म्हणजे तीनच ओळी.

आता प्रत्यक्ष कसं होतं ते एका बनवलेल्या कथेवर दाखवतो. समजा, खाडीकाठच्या एका गावात शकू नावाची बारा-तेरा वर्षांची मुलगी आहे. थोरला भाऊ बोटीवर नोकरीला. त्याची पत्रं येतात, ती कॉमिकमध्ये निळ्या अक्षरांत दाखवली आहेत, बाकी सगळे संवाद काळ्या. पत्र आलं की आई म्हणते, 'वाच गो,' आणि शकू मोठ्याने वाचते. पान ४१२ वर शकू पोस्टमनला गाठते. तो म्हणतो, 'दोन वर्षं झाली, तुमच्या घरात मी एकही पत्र टाकलेलं नाही.' इथे थांबायचं. 'पुढे' दाबायच्या आधी डावं पान भरायचं:

'शकूला वाटतं दादा सिंगापूरला आहे. पत्रात काय आहे ते आईला शकूने वाचल्यावरच कळतं. धरलंय: आईला लिहितावाचता येत नाही. खुपतंय: पान ३७, फडताळात शाईची दौत. घरात लिहितं कोण?'

मग पुढे. पान ४१३ पूर्ण काळं. पान ४१४ वर रात्र, कंदील, आई पाटावर कागद ठेवून लिहितेय, निळी अक्षरं.

उजव्या पानावर पहिली ओळ जशी तोंडात येईल तशी लिहा, आपल्या बोलीत. 'आवशीनच लिवल्यान गो सगळी!' ही ओळ सुधारायची नाही. ती त्या क्षणाची एकमेव खरी खूण असते, आणि चार महिन्यांनी वही उघडल्यावर तीच सगळ्यात आधी जिवंत होते. त्यानंतर पुढे न जाता मागे जायचं. निदान तीन जागा शोधायच्या, जिथलं चित्र तेच आहे पण अर्थ बदललाय. पान ५८: 'वाच गो' असं आई म्हणते खरी, पण मला वाचता येत नाही असं ती कुठेच म्हणालेली नाही. ते शकूने मानलं आणि शकूबरोबर आपण. पान १२१: पत्रात एक विनोद आहे. शकूचं वाक्य पुरं होतं तिसऱ्या चौकटीत, आई हसलीय दुसऱ्या चौकटीत. पान २०३: पाकिटावर तिकीट आहे, टपालाचा शिक्का नाही. आणि हे मिळाल्यावर शेवटची ओळ: कलाटणीने कोणता प्रश्न नवा उघडला? इथे तो उघड आहे. दादा मग आहे कुठे?

गटात टाकायचा प्रतिसाद याच उजव्या पानातून निघतो. 'पान १२१ परत बघा, आई आधीच हसलीय' असं एकाने लिहिलं की बाकीचे पाच जण धावत मागे जातात, आणि तिथे त्यांना चौथी जागा सापडते. 'बापरे'ला उत्तर म्हणून फक्त 'हो ना, बापरे' येतं. मला विचाराल तर एकत्र वाचण्याचा सगळा आनंद या मागे जाण्यात आहे.

मागे जाऊन एकही जागा सापडली नाही तर? तेही लिहा. दोन शक्यता असतात. एक, आपण चित्रं नीट बघितली नाहीत; दुसऱ्याला शोधायला सांगा. दुसरी, लेखकाने पेरणीच केलेली नाही, म्हणजे आधी खुणा सोडलेल्याच नाहीत. वेबकॉमिकमध्ये हे कादंबरीपेक्षा जास्त होतं, कारण कथा तयार होत असतानाच प्रसिद्ध होत असते. पान ३७ लोकांनी वाचून झालेलं असतं आणि पान ४१४ लेखकाला अजून सुचलेलं नसतं. 'होमस्टक' हे अँड्र्यू हसी यांचं वेबकॉमिक १३ एप्रिल २००९ ला सुरू झालं आणि १३ एप्रिल २०१६ ला मुख्य कथा संपली; आठ हजारांहून जास्त पानं. सुरुवातीच्या काळात पात्रांना द्यायच्या आज्ञा वाचक सुचवत आणि त्यातल्या काही लेखक घेत असे. अशा कथेत एखादी जुनी क्षुल्लक गोष्ट पुढे रहस्याचा गाभा बनते तेव्हा ती आधीच ठरवलेली होती की मागाहून उचलून वापरली, हे वाचकाला बाहेरून कळत नाही. म्हणून 'लेखकाने पहिल्या पानापासून ठरवलं होतं' असं छातीठोक लिहू नका. 'पान ३७ शी जुळतं' एवढं लिहा. ते तपासता येतं. मागाहून उचललेली गोष्ट नीट जुळली असेल तर ती कारागिरी कमी मोलाची आहे असं मी मानत नाही.

किती वाचून थांबायचं? एका पानावर एक चित्र आणि खाली थोडा मजकूर अशी रचना असेल तर एका बैठकीला चाळीस पानं पुरे. आठ हजार पानांना या वेगाने दोनशे बैठका लागतात. हा आकडा ऐकून घाबरणारे पहिल्या महिन्यात शंभर-शंभर पानं ओढतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. पानामागे लांब गप्पांचा मजकूर दडलेला असेल ('होमस्टक'मध्ये बटण दाबल्यावर तो उघडतो) तर असं प्रत्येक पान चार पानांसारखं धरा. उभं स्क्रोल करायचं कोरियन पद्धतीचं कॉमिक असेल तर तीन ते चार भाग. भाग जिथे संपतो तिथे लेखकाने गळ टाकून ठेवलेला असतो, त्यामुळे 'भाग संपला की थांबू' हा बेत टिकत नाही, हात आपोआप पुढे जातो. थांबायची जागा पुढच्या भागाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दृश्यात ठेवा. डाव्या पानाची नोंद मात्र गळाच्या जागी, पुढे जाण्याआधी.

कलाटणी जवळ आल्याच्या काही खुणा चित्रातच असतात. एरवी सहा चौकटींचं पान अचानक एका चौकटीचं होतं. मागची दृश्यं गळून कोरी पार्श्वभूमी उरते. बराच काळ न दिसलेली वस्तू पुन्हा दिसते. उभ्या स्क्रोलमध्ये दोन चित्रांमधली मोकळी जागा लांबत जाते. छापील पुस्तकात हा खेळ पान उलटण्यावर चालतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे (परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली). तिथे सुट्या चित्रांच्या पोथीतलं एकेक चित्र समोर धरून कथा गातात, आणि पुढचं चित्र केव्हा वर यायचं ते कथेकऱ्याच्या हातात असतं. फोनवर तो हात तुमचाच अंगठा आहे. अंगठा झरझर ओढला तर लेखकाने ठेवलेली मोकळी जागा अर्ध्या सेकंदात निघून जाते आणि कलाटणी 'आली काय, गेली काय' अशी होते. मोकळी जागा लांबायला लागली की वेग अर्धा करा. बाजूची स्क्रोलपट्टी दिसत असेल तर तिच्याकडे बघू नका. भाग किती उरलाय ते ती सांगते, आणि त्यावरून पात्र वाचणार की नाही याचा अंदाज येतो.

आता तांत्रिक भानगडी, कारण कलाटणी चुकण्याचं कारण फार वेळा कथा नसतं, फोन असतो.

रात्री डोळ्यांना बरं पडावं म्हणून लावलेला पिवळसर पडदा रंग मारतो. वरच्या कथेत निळी अक्षरं हाच पुरावा होता. तो पडदा लावून वाचणाऱ्याला ती करडी दिसतील आणि पान ४१४ त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. प्रत्येक पात्राला स्वतःचा अक्षररंग देणारी कॉमिक्स पुष्कळ आहेत, 'होमस्टक' त्यातलंच. वाचताना तो पडदा आणि डार्क मोड दोन्ही बंद ठेवा. पावसाळ्यात वीज गेली की फोन बॅटरी बचतीवर जातो, उजेड कमी होतो, आणि काळोखी चौकटीतला कोपऱ्यात उभा असलेला माणूस दिसत नाही. अशा वेळी वाचन थांबवलेलं बरं, किंवा निदान जुनी पानं चाळावीत, नवीन नको.

डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत नेटवर्क अर्धवट असतं. तिथे उभ्या पट्टीतली चित्रं क्रमाने उतरत नाहीत. कधी खालचं आधी येतं, वरचं मागाहून. म्हणजे उत्तर आधी, प्रश्न नंतर. भाग उघडून पहिल्या चित्रावरच थांबा, सगळं उतरू द्या, मग हलवा. ॲपमध्ये डाउनलोडची सोय असेल तर चांगल्या नेटवर्कवर आठवड्याचे भाग उतरवून ठेवा. कोकण रेल्वेत वाचणाऱ्यांना तर दुसरा मार्गच नाही. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि लहानमोठे मिळून बोगदे मार्गावर नव्वदच्या वर. ब्राउझरची डेटा बचत चालू असेल तर चित्रं दाबून लहान होतात आणि पाकिटावरच्या शिक्क्यासारखे बारकावे धूसर होतात. तीही बंद.

चित्रामागचा मजकूर हा वेगळाच विषय. काही वेबकॉमिक्समध्ये चित्रावर माऊस नेला की एक छोटी ओळ उमटते. बहुधा ती गंमत असते, क्वचित त्यात कथेचा दुवा असतो. फोनवर माऊस नाही. चित्रावर बोट दाबून धरलं की पुष्कळदा ती ओळ दिसते, किंवा साइटवर तिच्यासाठी वेगळं बटण असतं. गटातल्या एकाने तरी संगणकावर वाचावं आणि अशी ओळ सापडली की पान क्रमांकासकट कळवावी.

जुन्या कॉमिक्समधली हलती पानं फ्लॅशवर (ब्राउझरमध्ये हलती चित्रं दाखवायचं जुनं तंत्र) बनवलेली आहेत, आणि अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला. तुमचं कॉमिक त्या काळातलं असेल तर एखाद्या मोठ्या प्रसंगाच्या जागी राखाडी चौकोन दिसेल, आणि तुम्हाला वाटेल काही नव्हतंच. कथेतल्या सगळ्यात मोठ्या कलाटण्या अशाच हलत्या पानांवर ठेवलेल्या असतात. रफल नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्ये बसवलं की बरीच पानं चालतात. 'होमस्टक' वाचणार असाल तर चाहत्यांनी बनवलेलं 'अनऑफिशियल होमस्टक कलेक्शन' संगणकावर उतरवून घ्या. काही जीबी जागा लागते, पण नेटशिवाय चालतं, आणि नव्या वाचकांसाठी पुढचं झाकून ठेवायची सोय त्यात आहे. तुम्ही जिथवर वाचलंय त्याच्या पुढचं ते दाखवत नाही.

यावरून रहस्य आधी फुटण्याकडे येतो. बहुतेक वेबकॉमिक्सच्या साइटचं पहिलं पान उघडलं की सगळ्यात ताजं पान समोर येतं, आणि नवा वाचक तिथेच फसतो. मुख्य पत्ता कधीही टाइप करू नका. जिथवर वाचलंय त्या पानाची खूण ब्राउझरमध्ये साठवा आणि तिथूनच उघडा. पात्राचं नाव गुगलवर शोधू नका. नाव अर्धं टाइप केलं की पुढे 'मृत्यू' किंवा 'खरी ओळख' असे शब्द आपोआप सुचवले जातात. चाहत्यांच्या विकीवर, म्हणजे त्यांनी मिळून लिहिलेल्या माहितीच्या साइटवर, पात्राच्या पानाच्या वरच्या चौकटीतच तो जिवंत आहे की नाही, नातेवाईक कोण, हे दिलेलं असतं. भागाखालच्या कमेंट तर आधी अजिबात नकोत. सगळ्यात जास्त पसंती मिळालेली कमेंट वर येते, आणि ती बहुधा त्याच भागातल्या कलाटणीवर असते. छापील खंडांची मुखपृष्ठंही नकोत.

पात्रांची यादी विकीवर बघायची नाही म्हटल्यावर ती स्वतः करावी लागते. वहीच्या शेवटच्या आठ पानांवर करा, आणि नावाने करू नका, खुणेने करा: 'डाव्या गालावर वण, लाल पट्टी, पहिल्यांदा पान ७७.' ओळखीची कलाटणी नेमकी नावातच लपवलेली असते. एक माणूस दोन नावांनी वावरतो किंवा एका नावाचे दोघे असतात. खुणा लिहिल्या असतील तर वण जुळतो. नावं लिहिताना मात्र देवनागरीतलं एकच रूप गटाने ठरवून घ्या. एक जण 'सबॅस्टियन' लिहितो, दुसरा 'सेबस्टिअन', आणि गटात जुना संदेश शोधायला गेलं की अर्धे सापडत नाहीत.

व्हॉट्सॲपवर रहस्य झाकायचं तर पहिल्या ओळीत फक्त पान क्रमांक: 'पान ४१४ पर्यंत'. लॉक पडद्यावर संदेशाचा आरंभ दिसतो, म्हणून त्याच ओळीत मजकूर नको. खाली पुरेशा रिकाम्या ओळी सोडल्या की लांब संदेश आपोआप दुमडला जातो आणि बाकीचा 'पुढे वाचा' दाबल्यावरच उघडतो. खरी अडचण स्क्रीनशॉटची. चित्र गटात पडलं की दिसलंच. 'एकदाच पाहा' लावून पाठवलं तर झाकलेलं जातं, पण मग ते परत बघता येत नाही. माझ्या मते चित्र पाठवूच नये, पान क्रमांक आणि चौकट सांगावी: 'पान १२१, दुसरी चौकट'. समोरच्याला स्वतः जाऊन बघावं लागतं, आणि तेच तर हवंय. टेलिग्रामवर मजकूर झाकायची सोय आहे. सगळे तिथे जायला तयार असतील तर काम सोपं होतं.

पुढे पळालेल्या दोघांना रागावू नका, त्यांना काम द्या. त्यांनी स्वतःची डावी-उजवी पानं लिहीत राहावं आणि गट तिथवर पोचला की ती उघडावी. तोवर गटात त्यांनी एकच करायचं: कुणी काही ताडलं तर 'हं' सुद्धा म्हणायचं नाही. पुढचं माहीत असलेल्या माणसाचं गप्प बसणंसुद्धा बोलतं; तो एरवी सगळ्यावर बोलतो आणि नेमका एका तर्कावर गप्प बसतो, हे बाकीच्यांना लगेच कळतं. म्हणून त्यांनी कोणत्याच तर्कावर बोलू नये.

जिला आधीच कळलंय तिचं वाचन वाया गेलं असं तिने मानू नये. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या. या निष्कर्षावर फार भार टाकू नये, कारण त्या लघुकथा होत्या. पाच महिने एक गोष्ट मनात धरून चाललेल्या वाचकाचा धक्का त्यात मोजलेला नाही, आणि तो अनुभव एकदाच मिळतो. पण आपल्याकडे जत्रेत रात्रभर दशावतार बघणाऱ्याला आख्यानाचा शेवट ठाऊकच असतो. तो बघतो की आजचा नट तिथवर पोचतो कसा, कारण संवाद नट तिथल्या तिथे रचून बोलत असतो. तिने तसंच वाचावं. तिच्या डाव्या पानावर दुसऱ्या ओळीत बदल: 'लेखकाने आज हे कसं झाकलं?' गटात पेरणी सगळ्यात नेमकी तीच टिपेल, फक्त ते सगळे पोचेपर्यंत स्वतःजवळ ठेवायचं.

सगळ्या कलाटण्यांना एकाच साच्याचा प्रतिसाद चालत नाही. लपवलेल्या माहितीची कलाटणी वर बघितली. तिथे मागे जाऊन जागा शोधायच्या. काळाचा क्रम उलटापालटा असेल, म्हणजे आपण ज्याला 'आज' समजत होतो ते वीस वर्षांपूर्वीचं निघालं, तर मागे जाऊन भागत नाही, मांडणी करावी लागते. चिठ्ठ्या करा, एका चिठ्ठीवर एक प्रसंग आणि पान क्रमांक, आणि जमिनीवर घटना घडल्या त्या क्रमाने लावा, दाखवल्या त्या क्रमाने नाही. वीस-पंचवीस चिठ्ठ्या एका वेळी पुरे. पन्नासच्या वर गेल्या की मांडणीच कोसळते. क्रम लावायला संवादांवर विसंबू नका, चित्रावर विसंबा: केसांची लांबी, अंगणातल्या झाडाची उंची, भिंतीवरचं कॅलेंडर, तुटलेली फांदी. ज्या दोन चिठ्ठ्यांचा क्रम लागत नाही त्या एकमेकींवर ठेवा. पुढची कलाटणी बहुधा त्या जागेतून निघते.

नियम बदलणारी कलाटणी, म्हणजे साधी वाटणारी कथा अचानक दुसऱ्याच जगात शिरते, तिथे गटात भांडणं होतात. निम्म्यांना वाटतं लेखकाने फसवलं. इथे 'आवडलं-नाही आवडलं' लगेच लिहू नका. जुने नियम कोणते, त्यातला कोणता मोडला, कोणते अजून चालू आहेत, एवढं लिहा आणि निकाल पुढच्या पन्नास पानांपर्यंत तहकूब ठेवा. पन्नास पानांत नवे नियम लेखक स्वतः पाळत असेल तर कलाटणी धरून ठेवण्यासारखी आहे. दर दहा पानांनी ते पुन्हा मोडत असतील तर राग रास्त आहे, आणि तो पुराव्यासकट लिहावा.

पात्राच्या मृत्यूवर तर त्या दिवशी पहिली कच्ची ओळ सोडून काहीच लिहू नये. प्रेत दाखवलं का, की नुसता आवाज आणि पांढरी चौकट, एवढं मात्र टिपून ठेवा. लांब कथांत मेलेली पात्रं परत येतात. ती परत आल्यावर ही एक ओळ कामाला येते. दुसऱ्या दिवशी दुसरी नोंद: या पात्राला एकट्यालाच काय माहीत होतं, आणि ते आता कोणाला कळणार नाही? शोक मोकळा करायला गटात जागा असू द्या. मालवणीत रडलेलं चालेल. पात्र कागदावरचं आहे म्हणून कुणी कुणाला हसायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

तर्क मांडणाऱ्यांसाठी एक अट ठेवा. तर्काबरोबर 'काय दिसलं तर मी हा सोडेन' हेही लिहायचं. 'दादा बुडाला आहे' असा तर्क असेल तर 'दादाच्या ताज्या पगाराचा कागद घरात दिसला तर सोडेन'. ही अट नसली की माणूस कथा वाचायची सोडून तर्क वाचवायला लागतो, प्रत्येक नवं पान आपल्या बाजूला वळवतो, आणि कलाटणी आली तरी त्याला दिसत नाही. तर्क चुकला तर वहीत खाडाखोड करू नये, शेजारी नवीन तारीख टाकून दुसरा लिहावा.

राहिला खंडाचा प्रश्न. गणपतीत घरं भरलेली असतात, आंब्याच्या दिवसांत बागेतून सवड नसते. दोन-तीन आठवडे जाणारच. लेखकही थांबतात, 'होमस्टक' २०१३-१४ मध्ये सुमारे वर्षभर थांबलं होतं. परत सुरू करताना पहिल्यापासून वाचायला घेऊ नका, तो उत्साह शंभराव्या पानाला संपतो. वहीतली शेवटची तीन डावी पानं वाचा, मग शेवटच्या कलाटणीच्या दहा पानं आधीपासून कथा वाचा. तरीही एखादं पात्र आठवत नसेल तर शेवटच्या आठ पानांतली खूण आणि त्याचं पहिलं पान बघा. एवढ्याला साधारण अर्धा तास लागतो. त्या दिवशी गटाने नवीन पान उघडायचं नाही. जुन्या नोंदींत जे 'खुपतंय' म्हणून पडून आहे त्यावरच बोलायचं, आणि त्यातलं जे सुटलंय त्यापुढे पान क्रमांक टाकून ते बंद करायचं.